क्रेडिट कार्डाचे पॉइंट वटवण्याआधी: भाव कसा काढायचा आणि कोणत्या क्रमाने जायचं

कार्डावर बारा हजार पॉइंट साठले की बहुतेक जण बँकेचं ॲप उघडतात, ‘रिडीम’वर जातात आणि समोर जे सगळ्यात सोपं दिसेल ते करून मोकळे होतात. सोपं म्हणजे पॉइंटचे पैसे बिलात जमा करून घेणं. बऱ्याच कार्डांवर सगळ्यात कमी भाव नेमका तिथेच मिळतो. एचडीएफसी बँकेच्या रेगालिया गोल्ड कार्डाचे बँकेने दिलेले दर पाहा: बिलात जमा केलं तर पॉइंटला २० पैसे, साध्या कॅटलॉगमधली वस्तू किंवा व्हाउचर घेतलं तर ३५ पैसे, आणि बँकेच्या स्मार्टबाय या बुकिंगच्या पोर्टलवर विमान किंवा हॉटेलसाठी वापरले तर ५० पैसे. म्हणजे त्याच बारा हजार पॉइंटचे एकीकडे २,४०० रुपये होतात आणि दुसरीकडे ६,०००.

याच्या उलट चूक करणारेही बरेच आहेत. ‘माइल्समध्येच खरा फायदा’ असं कुठेतरी ऐकून ते सगळे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात पाठवून त्यांचे माइल्स, म्हणजे त्या कंपनीचे पॉइंट, करून घेतात. मग हव्या त्या तारखेला सीट मिळत नाही आणि पॉइंट बँकेत परतही येत नाहीत.

दोन्ही चुका एकाच कारणाने होतात: भाव काढायच्या आधी बटण दाबलं जातं. खाली दिलेला क्रम पाळला तर दोन्ही टळतात. बँका दर बदलत असतात, त्यामुळे इथले आकडे उदाहरण म्हणून घ्या आणि पद्धत लक्षात ठेवा.

टप्पा १: आधी चार गोष्टी कागदावर उतरवा

कार्डाचं नेमकं नाव. ‘माझं एचडीएफसीचं कार्ड आहे’ एवढ्याने काम होत नाही. एकाच बँकेच्या दोन कार्डांवर पॉइंटच्या भावात दुपटीचा फरक असू शकतो. इन्फिनिया कार्डाचा पॉइंट प्रवासासाठी एक रुपयाचा धरला जातो, तर रेगालिया गोल्डचा ५० पैशांचा. मित्राने सांगितलेला भाव त्याच्या कार्डाचा असतो. कार्डावर छापलेलं पूर्ण नाव पाहा आणि बँकेच्या संकेतस्थळावर त्याच नावाच्या अटी शोधा.

शिल्लक, पण मुदतीनुसार. बऱ्याच कार्डांवर पॉइंट जमा झाल्यापासून दोन-तीन वर्षांत रद्द होतात. एकूण शिल्लक मोठी दिसते, पण त्यातले किती या महिन्यात जाणार आहेत हे स्टेटमेंटमध्ये किंवा रिवॉर्ड्सच्या पानावर वेगळ्या ओळीत दिलेलं असतं. ती ओळ शोधा. काही योजनांना मुदत नसते. अमेरिकन एक्सप्रेसच्या मेंबरशिप रिवॉर्ड्सचे पॉइंट कार्ड चालू आहे तोवर टिकतात. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डावर तर वटवण्याची पायरीच नाही, मिळकत थेट ॲमेझॉन पे बॅलन्समध्ये येते. हेच कार्ड वापरत असाल तर हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

शुल्क. बऱ्याच बँका वटवण्याच्या प्रत्येक विनंतीमागे ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात. ते ११६ रुपये ८२ पैसे होतात आणि पुढच्या बिलात येतात, त्यामुळे व्यवहार करताना जाणवत नाहीत. काही कार्डांना आणि काही प्रकारच्या व्यवहारांना हे शुल्क माफ असतं, तेही पाहून ठेवा.

मर्यादा. कमीत कमी किती पॉइंट लागतात, महिन्याला जास्तीत जास्त किती वापरता येतात आणि बिलाचा किती टक्के भाग पॉइंटनी भरता येतो. इन्फिनियावर प्रवासाच्या बुकिंगचा ७० टक्के भागच पॉइंटनी भरता येतो. म्हणजे २०,००० रुपयांच्या तिकिटाला १४,००० पॉइंट आणि उरलेले ६,००० रुपये कार्डावरून. ‘माझ्याकडे वीस हजार पॉइंट आहेत, तिकीट फुकट’ हा हिशेब तिथे जुळत नाही.

तपासा: एखादी मोठी खरेदी परत केली असेल तर तिचे पॉइंट वळते व्हायचे बाकी असू शकतात. ते वजा करूनच शिल्लक धरा.

टप्पा २: प्रत्येक पर्यायाचा खरा भाव काढा

सूत्र एकच आहे. हातात पडणाऱ्या वस्तूची बाजारातली किंमत घ्या, त्यातून शुल्क वजा करा आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटनी भागा.

यात ‘बाजारातली किंमत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. समजा कॅटलॉगमध्ये एक मिक्सर १२,००० पॉइंटना आहे. बँकेच्या ३५ पैशांच्या हिशेबाने त्याची किंमत ४,२०० रुपये झाली. तोच मॉडेल नंबर ऑनलाइन किंवा जवळच्या दुकानात पाहिला आणि तो ३,३०० रुपयांना मिळत असेल, तर हिशेब असा: ३,३०० वजा ११७, म्हणजे ३,१८३. भागिले १२,०००. भाव आला साडेसव्वीस पैसे. ३५ पैशांचा पॉइंट वस्तूच्या किमतीत आणि शुल्कात मिळून आठ-नऊ पैशांनी झिजला. कॅटलॉगमधल्या भांड्यांच्या, बॅगांच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत ही पडताळणी केल्याशिवाय पुढे जाऊच नका. छापील एमआरपीशी तुलना करण्यात अर्थ नाही, कारण त्या किमतीला ती वस्तू कोणीच विकत घेत नाही.

शुल्काचा परिणाम छोट्या रकमेवर किती होतो तेही पाहा. एका पॉइंटला २५ पैसे मिळणारं कार्ड धरा. असे दर आपल्याकडे बरेच आढळतात. २,००० पॉइंट वटवले तर ५०० रुपये आले, शुल्क गेल्यावर ३८३ उरले. भाव १९ पैशांवर उतरला. तेच ८,००० पॉइंट एकदम वटवले तर २,००० मधून ११७ जाऊन १,८८३ उरतात आणि भाव साडेतेवीस पैसे पडतो. म्हणून शुल्क असलेल्या कार्डावर थोडे थोडे पॉइंट वटवू नयेत. मुदत परवानगी देत असेल तर साठवा आणि एकाच विनंतीत वापरा.

व्हाउचरचा हिशेब सरळ दिसतो, पण त्यात आणखी एक वजाबाकी आहे. हजार रुपयांचं व्हाउचर बाहेर साडेनऊशेला विकत मिळत असेल, तर तुमच्यासाठी त्याची किंमत साडेनऊशेच आहे.

तपासा: निदान तीन पर्यायांचे भाव पैशांत लिहून झाले का? झाले नसतील तर टप्पा ३ कडे जाऊ नका.

टप्पा ३: भावाच्या यादीवर गरजेची चाळणी लावा

सगळ्यात जास्त भाव मिळतो म्हणून न ठरलेला प्रवास ठरवणं ही सगळ्यात महाग चूक आहे. ६,००० रुपये वाचवण्यासाठी हॉटेल, टॅक्सी आणि जेवणावर वीस हजार खर्च होतात. हा खर्च तसाही होणार होता का, हे आधी स्वतःला विचारा. दिवाळीत नागपूरला घरी जायचंच असेल, मुलीच्या प्रवेशासाठी बंगळुरूला जायचंच असेल, तर प्रवासाचा ५० पैशांचा भाव खरोखर तुमचा आहे. पुढच्या वर्षभरात विमानात बसायचा काही बेतच नसेल, तर ३५ पैशांचं किराण्याचं किंवा औषधांचं व्हाउचर तुमच्यासाठी जास्त चांगलं. त्यात संकोच करू नका.

बिलात जमा करणं नेहमीच चूक असतं असंही नाही. पॉइंट पुढच्या आठवड्यात रद्द होणार आहेत, उपयोगाचं व्हाउचर यादीत नाही, प्रवास नाही. अशा वेळी २० पैसे शून्यापेक्षा बरे. आणखी एक परिस्थिती आहे. कार्डाचं बिल थकत असेल, तर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी चालू असतो. ३०,००० रुपये महिनाभर थकले तर १,०५० व्याज आणि १८९ कर, एकूण १,२३९ रुपये गेले. अशा वेळी पॉइंटच्या भावाचा कीस पाडत बसू नका. रोख स्वरूपात जे मिळेल ते थकबाकीकडे वळवा आणि थकबाकी संपेपर्यंत त्या कार्डावर नवा खर्च थांबवा.

सावधान: पॉइंटमधून बिलात जमा झालेली रक्कम बऱ्याच बँका ‘भरणा’ म्हणून धरत नाहीत. स्टेटमेंटवर छापलेली रक्कम ड्यू डेटच्या आत नेहमीसारखी भरा. पॉइंटची रक्कम धरून कमी भरणा केला तर उशिराचं शुल्क आणि व्याज लागू शकतं.

व्हाउचर घ्यायचं ठरलं तर चार अटी वाचा: मुदत किती, दुकानात चालतं की फक्त ऑनलाइन, एका बिलात एकापेक्षा जास्त चालतात का, आणि अर्धवट वापरल्यावर उरलेली रक्कम शिल्लक राहते की जाते. शेवटच्या अटीसाठी एक साधा उपाय आहे. ५,००० चं एक घेण्यापेक्षा १,००० ची पाच घ्या. त्याआधी शुल्क विनंतीमागे आहे की प्रत्येक व्हाउचरमागे, हे मात्र पाहून घ्या.

टप्पा ४: बँकेच्या पोर्टलवरून प्रवास घेताना

पोर्टलवरची किंमत आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरची किंमत शेजारी शेजारी उघडा. तारीख, वेळ, बॅगेचं वजन, रद्द करण्याची अट, सगळं सारखं असेल तरच तुलना करा. पैसे भरायच्या शेवटच्या पानापर्यंत दोन्हीकडे जा, कारण सुविधा शुल्क तिथेच दिसतं.

चौघांचं तिकीट पोर्टलवर २४,४०० आणि थेट कंपनीकडे २३,२०० आहे असं धरा. तुम्ही १२,००० पॉइंट लावले आणि ६,००० रुपये कमी झाले. पण १,२०० रुपये तुम्ही जास्त मोजलेत. खरा फायदा ४,८०० चा झाला आणि पॉइंट ५० ऐवजी ४० पैशांना गेला. हा भाव तुमच्या यादीतल्या व्हाउचरपेक्षा अजूनही चांगला असेल तर खुशाल घ्या. फरक याहून वाढला तर दुसरी तारीख, दुसरी वेळ किंवा हॉटेल पाहा. दुसऱ्या एखाद्या प्रवासाच्या साइटवर तुमच्याच कार्डावर थेट सवलत चालू असेल, तर तीही हिशेबात धरा. सणासुदीला ती सवलत पॉइंटपेक्षा मोठी निघू शकते आणि पॉइंट पुढच्या वेळेसाठी शिल्लक राहतात.

बेत पक्का नसेल तर पोर्टलवर पॉइंट लावू नका. पोर्टलवरचं बुकिंग मध्यस्थामार्फत होतं. तिकीट बदलायचं किंवा रद्द करायचं झालं तर विमान कंपनी तुम्हाला त्या मध्यस्थाकडेच पाठवते. रद्द केल्यावर पॉइंटचा भाग पॉइंट म्हणून परत येतो का, त्यातून किती कापले जातात आणि दरम्यान मुदत संपलेले पॉइंट परत मिळतात का, हे बुकिंगच्या आधी वाचायचं असतं.

तपासा: प्रवाशांची नावं ओळखपत्रावर आहेत तशीच लिहिली का? मधलं नाव, आडनाव यांचा क्रम चुकला की दुरुस्तीसाठी पुन्हा मध्यस्थाकडे जावं लागतं.

टप्पा ५: माइल्समध्ये पाठवायचे असतील तर

इथे सगळ्यात जास्त मिळू शकतं आणि सगळ्यात जास्त जातंही. एकदा पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून हा क्रम जसाच्या तसा पाळा.

१. विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या सदस्य योजनेत स्वतःच्या नावाने खातं उघडा. नाव कार्डावर आहे तसंच ठेवा. नाव जुळलं नाही तर ट्रान्सफर अडकतं.

२. कोणासाठी तिकीट काढता येतं ते पाहा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या सदस्य योजनेत स्वतःखेरीज पाच जणांचीच नोंद करता येते. आई-वडील, जोडीदार आणि दोन मुलं एवढ्यातच ती यादी भरते.

३. कंपनीच्या साइटवर माइल्सची सीट शोधा. तुमच्या तारखेला ती आज उपलब्ध आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. रोखीने सीट मिळते म्हणजे माइल्सनेही मिळेल असं नसतं.

४. माइल्सच्या तिकिटावरही कर आणि शुल्क रोखीने भरावं लागतं. तो आकडा लिहून घ्या.

५. तुमच्या कार्डाचं गुणोत्तर पाहा: किती पॉइंटना किती माइल्स. शिवाय ट्रान्सफरचं शुल्क आणि वर्षाची मर्यादाही.

६. भाव काढा. रोखीच्या तिकिटाची किंमत, उणे माइल्सच्या तिकिटावरचे कर, भागिले तुमचे पॉइंट.

समजा रोखीचं तिकीट २४,००० चं आहे. माइल्समध्ये १६,००० माइल्स आणि ५,००० रुपये कर. तुमच्या कार्डाचं गुणोत्तर दोन पॉइंटना एक माइल, म्हणजे ३२,००० पॉइंट लागले. १९,००० भागिले ३२,००० म्हणजे ५९ पैसे. पोर्टलवर हाच पॉइंट एक रुपयाला जात असेल तर ट्रान्सफर हा तोट्याचा व्यवहार आहे. पोर्टलवर २५ पैसेच मिळत असतील तर हाच व्यवहार दुपटीहून चांगला ठरतो. ‘माइल्स चांगले की पोर्टल’ हा प्रश्न कार्ड आणि तिकीट समोर असल्याशिवाय सुटत नाही.

बिझनेस क्लासच्या बाबतीत या सूत्राने दोन-तीन रुपये भाव निघतो आणि माणूस हुरळून जातो. रोखीने तुम्ही ते तिकीट दीड लाखाला घेतलं असतं का? घेतलं नसतं तर सूत्रात दीड लाख टाकू नका. त्या प्रवासासाठी तुम्ही खिशातून किती मोजले असते तो आकडा टाका.

७. ट्रान्सफरला किती वेळ लागतो ते पाहा. काही लगेच होतात, काहींना काही दिवस लागतात आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. एकापेक्षा जास्त तारखा चालत असतील तरच दिवस लागणाऱ्या ट्रान्सफरमध्ये पडा.

८. तिकिटाला लागतील तेवढेच पॉइंट पाठवा आणि माइल्स आल्याबरोबर बुकिंग करा.

‘सगळे पाठवून ठेवू, कधीतरी कामी येतील’ हा विचार टाळा. बँकेत मुदत नसलेले पॉइंट क्रिसफ्लायरमध्ये गेले की ३६ महिन्यांची मुदत सुरू होते. योजना स्वतःही बदलतात. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराच्या सदस्यांना नव्या योजनेचे नियम लागू झाले.

हॉटेलच्या योजनांमध्ये अकॉर या हॉटेल साखळीचा हिशेब सोपा आहे. अकॉरच्या २,००० पॉइंटना ४० युरो हॉटेलच्या बिलातून कमी होतात, तारीख कोणतीही असो. भाव आधीच कळतो, त्यामुळे ज्यांना माइल्सच्या सीट शोधत बसायला वेळ नाही, त्यांनी आपल्या कार्डावर हा पर्याय आहे का ते पाहावं.

मधेच एक प्रश्न: साठवायचे की आता वापरायचे?

माझं स्पष्ट मत असं आहे की वर्षभरात वापरायचा बेत नसलेले पॉइंट साठवू नयेत. पॉइंटवर व्याज मिळत नाही आणि त्यांचा भाव बँकेच्या हातात असतो. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं माइल्सचं गुणोत्तर १ सप्टेंबर २०२३ पासून पाचास चार वरून पाचास दोन झालं. ज्या एक लाख पॉइंटचे आधी ८०,००० माइल्स होत होते, त्यांचे ४०,००० होऊ लागले. असे बदल करण्यापूर्वी बँक एसएमएस किंवा ईमेल पाठवते. ‘अटींमध्ये बदल’ अशा विषयाचा ईमेल जाहिरात समजून उडवू नका.

कार्ड बंद करायचं असेल तर आधी पॉइंट वापरा, व्हाउचर हातात पडू द्या, मग अर्ज करा. कार्ड बदलून त्याच बँकेचं वरचं कार्ड घेत असाल तर जुने पॉइंट कोणत्या भावाने पुढे येणार, हे लेखी विचारून ठेवा.

टप्पा ६: बटण दाबताना

‘तुमचे ७,८५० रुपयांचे पॉइंट आज रात्री रद्द होतील, इथे क्लिक करा’ असे मेसेज फसवणुकीचे असतात. लिंकवरून कार्ड नंबर, सीव्हीव्ही आणि ओटीपी घेतात, किंवा एक एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल डाउनलोड करायला लावून फोनमधले मेसेज वाचतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा, कारण पॉइंट रद्द होण्याची भीती त्यांना पटकन खरी वाटते.

रिवॉर्ड्सच्या पानावर नेहमी बँकेच्या ॲपमधून किंवा नेटबँकिंगमधून लॉग इन करून जा, मेसेजमधल्या लिंकवरून कधीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर आली आहेत, तेही पाहत जा. वटवताना ओटीपी येऊ शकतो. तो कशासाठी आहे हे त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. पॉइंटसाठी आलेल्या ओटीपीत रुपयांची रक्कम आणि दुकानाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगायचा नाही, तो बँकेतून बोलतोय असं म्हणाला तरी.

फसवणूक झालीच तर आधी कार्ड ब्लॉक करा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

टप्पा ७: वटवल्यावर

व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. व्हाउचरचा कोड ईमेलमध्ये आला की मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीची आठवण लावून. पुढच्या स्टेटमेंटमध्ये तीन गोष्टी ताडून पाहा: तितकेच पॉइंट गेले का, शुल्क ठरल्याएवढंच लागलं का, बिलात रक्कम जमा झाली का.

व्हाउचर आलं नाही, कोड चालला नाही किंवा पॉइंट जाऊनही बुकिंग झालं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण बँकेने आधी कळवून पॉइंटचा दर कमी केला, तर तो तिचा व्यावसायिक निर्णय धरला जातो आणि तिथे लोकपालाकडून फारशी मदत होत नाही. तक्रार सेवेतल्या त्रुटीची करा आणि अर्जात पॉइंट, तारीख, व्यवहार क्रमांक एवढंच नेमकं लिहा.